राजाची अडीच घरे

डिचोलीच्या बुद्धिबळ मंडळात कृष्णनाथ शेट्ये आणि सगुण परब यांना एका पटावर बसवायचे नाही, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. पण भाषेचे आंदोलन पेटल्यापासून तो सगळ्यांनी मुकाट्याने पाळला होता. गोवा राज्य झाले त्या वर्षीच्या पावसाळी स्पर्धेत सोडतीच्या चिठ्ठीने तो मोडला. सोडत काढायला बसलेल्या बाबलीने चिठ्ठी उलगडली, वाचली, पुन्हा घडी घातली आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "देवा महाराजा, ही चिठी माझ्या हातान कित्याक काढलंस?"

स्पर्धा पावसाळ्यात होत असे, कारण खनिजाचे ट्रक तेव्हा बंद असत. पाळी आणि शिरगावकडची खाणीवरची माणसे रिकामी होत, बाजारही सुस्तावे, आणि लोखंडी सामानाच्या दुकानावरची मंडळाची खोली भरून जाई. खोलीच्या दारावर एक पाटी होती. आंदोलनाच्या दिवसांत तिच्यावर मंडळाचे नाव मराठीत असावे की कोकणीत, यावरून खुर्च्या उचलण्यापर्यंत वेळ आली. शेवटी ती पांढऱ्या रंगाने सारवून टाकली गेली. दोन्ही पक्षांचे एकमत झाले ते एवढ्या पांढऱ्या रंगावरच.

कृष्णनाथ मंडळाचा चिटणीस होता. बेळगावला तांत्रिक शिक्षण घेऊन त्याने पाळीच्या एका खाणीवर वर्कशॉपचा फोरमन म्हणून उमर काढली होती. आता निवृत्त झाला होता. बायको शेवंती वारली होती, मुलगी लग्न होऊन वास्कोला गेली होती. सकाळी देवपूजा, दुपारी झोप आणि संध्याकाळी ही खोली, एवढाच त्याचा दिवस. आणि खरे सांगायचे तर पूजा आणि झोप ही संध्याकाळ होईपर्यंतची सोय होती. सोंगट्या तोच पुसून ठेवी, घड्याळांना चावी तोच देई, आणि नियमांचे पुस्तक तर त्याला इतके पाठ होते की भांडण झाले तर लोक पुस्तक उघडत नसत, त्यालाच विचारत.

सगुण परबाचे बाजारात किराण्याचे दुकान होते. मूळचा पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरचा. तोंडाने फटकळ, हाताने त्याहून. प्यादे सरकवतानासुद्धा पट हादरवणारा. आंदोलनात तो मराठीच्या बाजूने सभा गाजवत होता, कृष्णनाथने कोकणीच्या निवेदनावर सही केली होती. दोघेही घरी वर्तमानपत्र मराठी वाचत आणि भांडत मात्र एकाच बोलीत, हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिले नाही. आणून देण्यात जोखीम होती.

पण वैराचे मूळ भाषेत नव्हते. ते खेळात होते.

मंडळात पूर्वी देशी आणि विलायती असे दोन्ही खेळ चालत. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते. किल्लेकोट, म्हणजे राजाला एका चालीत हत्तीच्या आड नेऊन ठेवणे, देशी खेळात नाही. त्याऐवजी राजाला एक मुभा असते. तोपर्यंत शह बसलेला नसेल, तर सबंध डावात एकदा राजा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. कृष्णनाथ चिटणीस झाल्यावर त्याने पहिले काम केले ते देशी खेळ बंद करण्याचे. बाहेरच्या स्पर्धांत आपले खेळाडू अडखळतात, दोन नियम डोक्यात असले की हात चुकतो, हे त्याचे म्हणणे रास्तच होते. सगुणने सभेत विरोध केला. वाद चढत गेला आणि कृष्णनाथ बोलून गेला, "हा अडाण्यांचा खेळ आहे. मी बुद्धिबळ बेळगावला कॉलेजात शिकलो. कुणाच्या सोप्यावर बसून नव्हे."

मागच्या बाकावर सगुणचे वडील बाबाजी बसले होते. मुलाकडे आले होते, म्हणून सहज सभेला येऊन बसले होते. त्यांनी काठी घेतली आणि ते जिना उतरून गेले.

कारण कृष्णनाथ खेळ शिकला होता तो सोप्यावरच, आणि तोही बाबाजींच्याच. लहानपणी तो इब्रामपूरला आत्याकडे राहायला होता. शेजारच्या परबांच्या सोप्यावर कापडी पट अंथरून बाबाजींनी त्याला आणि सगुणला एकदमच सोंगट्या धरायला शिकवले. ही गोष्ट खोलीत दोघांनाच ठाऊक होती. सगुण त्या सभेत ती बोलला नाही. बापाचे नाव त्या माणसाच्या तोंडाला लागू द्यायचे नाही, एवढेच त्याने ठरवले. पुढच्या शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, आत बाबाजी वारले. कृष्णनाथ भेटायला गेला नाही.

तर असे हे दोघे त्या रविवारी सकाळी मंडळाच्या जिन्यात समोरासमोर आले. सगुणने वाट दिली नाही.

"काय रे फोरमना, पुस्तक पाठ झाला मा?"

"तुझ्यासाठी पुस्तक कशाला?" कृष्णनाथ म्हणाला. "तुझ्यासाठी बाराखडी पुरते."

"बाराखडी खयच्या भाषेतली?"

जिन्यात उभी असलेली माणसे हसली. हसणाऱ्यांत बाबली होता आणि तनया गावस होती. तनया हायस्कुलात गणित शिकवी. मंडळातली ती एकटीच बाई, आणि पहिल्या तीन खेळाडूंतली एक. कृष्णनाथच्या काटेकोरपणाची तिला भीड वाटे. नियम समजून घ्यायला ती कितीदा तरी त्याच्याकडे आली होती.

सगुण हसला नाही. "मगे ऐक. आज जो हरतलो, तेना परत ही पायरी चढूची नाय. आसा धमक?"

"असल्या गोष्टी कमिटीसमोर बोलतात."

"कमिटी कित्याक होयी? बाबली आसा, तनयाबाय आसा. हो म्हण, नायतर नाय म्हण."

सगुणकडे दुकान होते, नातवंडे होती, देवळाच्या उत्सवात मान होता. पायरी गेली तर त्याची एक संध्याकाळ जाणार होती. कृष्णनाथची सगळीच गेली असती. हा हिशेब त्याला जिन्यातच दिसला; तरी सगळे बघत होते आणि समोर सगुण होता.

"हो," तो म्हणाला.

पंच म्हणून विजय कामत पणजीहून आला होता. तिशीचा, इस्त्रीच्या सदऱ्यातला, मोजके बोलणारा. त्याने हस्तांदोलन करायला सांगितले. दोघांनी हात पुढे केले ते एखाद्या गरम भांड्याला लावावेत तसे, आणि लगेच मागे घेतले.

पांढऱ्या सोंगट्या कृष्णनाथकडे होत्या. त्याने तयारी केली होती, आणि ती त्याच्या स्वभावाप्रमाणे पायापासून केली होती. सगुण विलायती नियमांनी खेळत असला तरी त्याचा हात देशीच राहिला होता: प्यादी एकेक घर पुढे, त्यांच्या आड उंट, आणि राजा बराच वेळ मधल्या घरात. किल्लेकोट करायला तो नेहमी उशीर करी. त्या चालीवर त्याचा विश्वासच नव्हता. तेव्हा त्याच्या राजाजवळचा उंट मारामारीत काढून टाकायचा, मधली प्यादी फोडायची आणि राजा घरात असतानाच घराला आग लावायची, असा बेत होता. कृष्णनाथने तो कागदावर आखून, दोन्ही बाजूंनी खेळून, पुन्हा तपासला होता.

त्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले.

सगुणने राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे अंगठ्याने एक घर सरकवले. "देवळात जाताना कोण धावत जाणा नाय," तो पुटपुटला.

"बोलू नका," विजय म्हणाला.

डाव आखल्याप्रमाणे उलगडत गेला. काळा उंट प्याद्याच्या मागच्या घरात येऊन बसला. विलायती पुस्तकांत या मांडणीला भारतीय म्हणतात, आणि एका पावलाने चालणाऱ्या प्याद्यांच्या इथल्या खेळावरूनच ते नाव पडले, असेही त्यांत म्हटलेले असते. कृष्णनाथ ते पान नेहमी भरभर उलटत असे. त्याने आपला उंट आणि वजीर एका रेषेत आणले, उंट पुढे घुसवला, उंटाला उंट मारला गेला आणि पांढरा वजीर काळ्या राजाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. भोवती उभ्या असलेल्यांत चुळबुळ झाली. सगुणने घोडा मागे घेऊन वजिराला हुसकावले. वजीर परतला. हेही आखलेले होते; वजिराचे काम झाले होते, उंट गेला होता.

मग सगुणने राजा उचलला, उंट गेल्याने रिकाम्या झालेल्या घरात ठेवला आणि घड्याळ दाबले. कृष्णनाथने चाल टिपून घेतली आणि मधल्या प्याद्याकडे लक्ष वळवले.

त्याने पटाचा मध्य फोडला. प्याद्याला प्यादे पडले, वाट मोकळी झाली, हत्ती मोकळ्या पट्टीवर आला. सगुणचा चेहरा घामाने चमकत होता. पण हल्ला जिथे पोचायचा तिथे पोचत नव्हता. प्रत्येक वेळी काळी सोंगटी नेमकी आडवी येत होती, जणू सगुणला कुणी आधीच वर्दी दिली होती. उंटाने शह द्यायला जावे तो घोडा तिथे हजर. हत्ती घुसवावा तो त्या घरावर आधीच दुसऱ्या हत्तीची नजर. सहा चालींनंतर कृष्णनाथने मान्य केले की आपला हल्ला एका चालीने उशिरा पोचतो आहे. नेमका एका चालीने, आणि दरवेळी.

"दमलंस?" सगुण हळूच म्हणाला.

यंत्र बिघडले तर कृष्णनाथची सवय होती, की जिथे आवाज येतो तिथे हात घालायचा नाही. शेवटच्या चाकापासून मागे मागे जायचे, जिथे गती चुकली ते ठिकाण सापडेपर्यंत. तो डोक्यात चाली उलट्या खेळू लागला. हत्तीची चाल, बरोबर. प्याद्याची मारामारी, बरोबर. घोडा पुन्हा पुढे आला ती, बरोबर. त्याआधी राजा.

राजा आपल्या मूळ घरातून निघाला होता. आता बसला होता तिथे यायला दोन चाली लागतात: एक पाऊल आडवे, एक पाऊल तिरके. त्या मधल्या घरात राजा कधी उभा राहिलेलाच नव्हता. तो तेथून इथे एका झेपेत आला होता. दोन घरे बाजूला, एक घर पुढे. घोड्यासारखा.

सगुणने देशी उडी मारली, यात नवल नव्हते. तो हात तसाच होता. नवल हे, की ती समोर घडली, त्याने ती स्वतःच्या हाताने टिपून घेतली, आणि तिच्यात वावगे काही आहे असे त्याला क्षणभरही वाटले नाही. राजा जिथे बसायला हवा तिथे बसला होता. इब्रामपूरच्या सोप्यावर याच घरात तो हजारदा येऊन बसला होता. "राजाक घोड्यार बसय, कृष्णा," बाबाजी म्हणत, "वेळ झाली." चाळीस वर्षे विलायती खेळ खेळून, पुस्तके पाठ करून, देशी खेळाला खोलीबाहेर काढूनही त्याच्या डोळ्यांनी त्या राजाला बिनबोभाट वाट दिली होती.

त्याने हात वर केला.

विजय आला. कृष्णनाथने खालच्या आवाजात सांगितले. विजयने दोघांचे टिपण पाहिले, पटाकडे पाहिले आणि विचारले, "सगुणबाब, हा राजा इथे कसा आला?"

सगुण पटाकडे बघत राहिला. त्याचा जबडा सैल पडला. मूळ घर, मधले घर, राजाचे घर असे तीनदा त्याचे डोळे फिरले, आणि कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. कृष्णनाथने ते सगळे पाहिले. ही लबाडी नव्हे, हाताची सवय आहे, हे त्याला लख्ख कळले. त्याच्याइतके ते दुसऱ्या कुणाला कळणेच शक्य नव्हते. एवढे कळूनही तो उठून उभा राहिला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे अनवधानाने झालेले नाही. जाणून केलेले आहे. चोरून एक चाल घेतली आहे."

खोलीतले बाकीचे पट थांबले.

"चोर कोणाक म्हणतंस?" सगुणची खुर्ची मागे पडली. "खेळाच्या नादान हात गेलो माझो! जल्माची सवय ती!"

"सवय? आठ-दहा वर्षे या खोलीत तो नियम नाही. शेंबड्या पोरालाही दिसेल अशी चूक नकळत होते?"

आणि हे बोलताच त्याला समजले की आपण काय बोललो. सगुणलाही समजले. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"शेंबड्या पोराक दिसता मा?" तो म्हणाला. "मगे तुका कशी दिसली नाय? सहा चाली तू गप कित्याक रवलंस?"

विजयने मान वर केली. "हे मलाही विचारायचे होते. चूक त्याच चालीला सांगायची असते."

"मला दिसली नाही."

"तुका दिसली नाय!" सगुण खोलीकडे वळला. "ऐकलंत? घड्याळाक चावी कमी पडली ती दिसता ह्येका. बाबलीन सोंगटी बोटान सरळ केली तर लगेच दंड. आणि राजा उडालो तो दिसलो नाय! अरे, दिसलेलो तो. ठेवून दिलेलो. हल्लो लागू झालो तर बोलायचा नाय, नाय लागू झालो तर पंचाक हाक मारायची. हेका म्हणतत चोरी."

कृष्णनाथने भोवती पाहिले. बाबलीने नजर खाली वळवली. तनया त्याच्याकडे पाहत होती, भुवया किंचित आवळून, फळ्यावरचे गणित जुळत नसावे तशी. त्याच्या लक्षात आले की ही माणसे सगुणवर विश्वास ठेवीत आहेत, आणि त्यांचे चुकतही नाही. जो माणूस कधी चुकत नाही, त्याला सहा चाली काही दिसले नाही, हे कोण मानणार? इतक्या वर्षांच्या काटेकोरपणाने त्याला असे कोपऱ्यात आणून उभे केले होते.

सुटायला एकच वाट होती, आणि ती इब्रामपूरवरून जात होती.

"मला दिसली नाही," तो पुन्हा म्हणाला, "कारण मीही तोच खेळ शिकलो आहे. लहानपणी. देशी. राजाची ती उडी मला सरळ वाटली. हातात मुरलेली असते ती." तो सगुणकडे वळला. "सगुणच्या वडिलांनी मला शिकवले. बाबाजींनी. त्यांच्या सोप्यावर. सगुणला विचारा."

विजयने सगुणकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले.

सगुण सावकाश खाली वाकला, पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. कृष्णनाथ त्याच्या तोंडाकडे बघत होता. एक शब्द पुरे होता. सोप्यावर मांडीला मांडी लावून बसलेला माणूस समोर होता. त्याने नुसती मान हलवली असती तरी भागले असते.

"माझ्या बापाशीन?" सगुण म्हणाला. "माझ्या बापाशीन ह्येका कधी शिकवक नाय. ह्यो बेळगावाक शिकलो, कॉलेजात. ह्येनाच सांगलेला, हयच, भर सभेत. बाबली, तू होतंस मा रे?"

"होतंय," बाबली पुटपुटला.

"मगे? बापूस माझो अडाणी. कॉलेजात शिकलेल्या माणसाक तो काय शिकवतलो!"

"सगुण, खोटं बोलतोस तू."

"तेव्हा तू खरा बोललंस की आज बोलतंस, तां एकदा ठरव," सगुण म्हणाला. "दोनांपैकी एक तरी खोटा आसाच."

विजयने हात वर करून दोघांना गप्प केले. कोण कुठे शिकला याच्याशी स्पर्धेला कर्तव्य नाही, तो म्हणाला. डाव चालू असताना नियमबाह्य चाल उघड झाली, तर सोंगट्या त्या चालीच्या आधी होत्या तशा मांडायच्या. सगुणने राजाला हात लावला होता, तेव्हा राजाचीच नियमातली चाल त्याला करावी लागेल. तिथून डाव पुढे चालेल. "यात कुणाचा हेतू मी लिहीत नाही," तो शेवटी म्हणाला. पण कृष्णनाथकडे बघून म्हणाला.

सोंगट्या मागे गेल्या. सगुणने राजा उचलला आणि त्या मधल्या घरात ठेवला, एवढ्या जोराने की शेजारच्या पटावरची प्यादी हलली. आता तो राजा पांढऱ्या हत्तीच्या वाटेत उघडा पडला होता. कृष्णनाथने मध्य फोडला. यावेळी शह जिथे द्यायचा तिथे देता आला, हत्ती जिथे घुसायचा तिथे घुसला, आडवे यायला काळ्याकडे एक चाल कमी होती. त्याने आखलेला डाव होता तो, ओळ न् ओळ तसाच पटावर येत होता. आणि खेळताना त्याचा हात थंड होता. भोवतीची गर्दी पांगली होती. आधी इतकी माणसे वाकून बघत होती, ती आता आपापल्या पटाशी बसली होती आणि त्या डावाचे काय होते याची कुणालाच उत्सुकता नव्हती.

मात दोन चालींवर आली तेव्हा सगुणने घड्याळ थांबवले. हरल्याच्या कागदावर सही केली. हात पुढे केला नाही.

"सगुणबाब, हस्तांदोलन," विजय म्हणाला.

"नियमात आसा?"

"शिष्टाचार आहे."

"मगे नाय करणय." त्याने खुंटीवरची छत्री घेतली. दाराशी थांबून तो कृष्णनाथला म्हणाला, "बोलल्याप्रमाणा मी जातंय. पायरी तुझी. पुसून घे आणि बस."

बाबली त्याला सोडायला खाली गेला. बाबलीमागून आणखी दोघे गेले. कृष्णनाथने उठून सोंगट्या पुन्हा मांडल्या, दोन्ही बाजूंच्या, आपल्या आणि सगुणच्या, घोड्यांची तोंडे एका दिशेला करून. खालच्या दुकानात कुणीतरी पत्रा ओढत होते. विजयने पुढच्या फेरीच्या जोड्या भिंतीला लावल्या आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. कृष्णनाथ रोज ज्यांच्याबरोबर डबा खाई ते तिघे शेवटच्या खिडकीशी बसले होते. तो तिकडे निघाला तेव्हा त्यांच्यातला एकजण पाय पसरून बसला आणि बाकावरची जागा संपली. कृष्णनाथने आपल्या पटाशीच डबा उघडला.

दुपारच्या फेरीत त्याच्यासमोर तनया आली. तिने पदर खोचला, "नमस्कार" म्हणाली, हात पुढे केला. तिचे हस्तांदोलन नेहमीसारखेच नीट होते. काळ्या-पांढऱ्याची निवड झाली, पांढऱ्या सोंगट्या तिच्याकडे गेल्या. घड्याळ सुरू होण्याआधी ती म्हणाली, "कृष्णनाथबाब, एक नियम विचारू?"

"विचार."

"माझ्या हातून चुकीची चाल झाली, तर तुम्ही तेव्हाच सांगणार की नंतर?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. आजवर ज्या स्वरात ती त्याच्याकडून नियम समजून घेत आली होती, तोच होता.

"तेव्हाच सांगेन," तो म्हणाला. "तनया, मला खरोखरच दिसली नव्हती ती."

"असेल," ती म्हणाली. "म्हणून मी आपली प्रत्येक चालीला विचारीन. म्हणजे कुणालाच शंका नको."

पंचाने घड्याळ सुरू करायला सांगितले. तनयाने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, घड्याळ दाबले, आणि पटाकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघत विचारले, "बरोबर आहे?"

शेजारच्या पटांवर हात थांबले. बोलू नका, असे एरवी विजय म्हणाला असता. तो कागद चाळत राहिला.

कृष्णनाथने त्या प्याद्याकडे पाहिले. नको असताना, सवयीने, ते कुठून निघाले आणि कुठे आले हे त्याने मोजले.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

खोलीभर माणसे खाली मान घालून हसली. त्याने घोडा उचलला आणि आपली पहिली चाल केली.